बारावी कुठल्या जिल्ह्यातून, यावर पुढची किती दारं उघडतात?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो: अकरावीला कुठे घालायचं? क्लास कुठला, वसतिगृह मिळेल का, खर्च किती, एवढ्यावर निर्णय होतो. पण याच निर्णयाने दोन वर्षांनी प्रवेशाच्या वेळी मुलाचं 'घर' कुठलं धरायचं हेही ठरून जातं. बहुतेक पालकांना ते सीईटीचा (राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भरताना कळतं, आणि तोवर बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून हा धागा. आधी अभियांत्रिकीबद्दल लिहिते. वैद्यकीयचे नियम वेगळे आहेत, ते जाणकारांनी भर घालून सांगावेत.

राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशात, म्हणजे कॅपमध्ये, बहुतेक महाविद्यालयांतल्या राज्याच्या वाट्याच्या जागांचे दोन भाग होतात: ७० टक्के त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांसाठी (होम युनिव्हर्सिटी) आणि ३० टक्के बाहेरच्या क्षेत्रांतल्या मुलांसाठी. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेला विद्यार्थी 'अ' प्रकारात येतो, आणि त्याचं होम युनिव्हर्सिटी ठरतं बारावी जिथून केली त्या ठिकाणावरून. जन्म कुठला, आईवडील कुठे राहतात, रेशनकार्डावर पत्ता कुठला, हे त्यात पाहिलं जात नाही.

क्षेत्रं अशी आहेत. पुणे विद्यापीठ: पुणे, अहिल्यानगर, नाशिक. मुंबई: मुंबईचे दोन्ही जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. शिवाजी: कोल्हापूर, सांगली, सातारा. सोलापूरला स्वतःचं वेगळं. छत्रपती संभाजीनगरकडे जालना, बीड, धाराशिव. नांदेडकडे लातूर, परभणी, हिंगोली. जळगावकडे धुळे, नंदुरबार. अमरावतीकडे अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम. नागपूरकडे वर्धा, भंडारा, गोंदिया. आणि २०११ मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना: गडचिरोली, चंद्रपूर.

आता नियमाचा परिणाम बघा. धाराशिवच्या मुलाने लातूरला अकरावी-बारावी केली, तर त्याचं होम युनिव्हर्सिटी नांदेड. तोच मुलगा बार्शीत शिकला तर सोलापूर, आणि पुण्यात शिकला तर पुणे. मुलगा तोच, गुण तेच, पण ७० टक्क्यांचा वाटा वेगवेगळ्या ठिकाणी. 'स्थानिकांना प्राधान्य' हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण गोंडवाना क्षेत्रातल्या मुलाला हे प्राधान्य मिळतं मोजक्या महाविद्यालयांत आणि पुणे क्षेत्रातल्या मुलाला मिळतं राज्यातल्या सगळ्यात दाट जाळ्यात. मागास भागातल्या मुलाला या नियमाचा आधार मिळतो असा समज आहे. तो आधार सगळ्यात जास्त उपयोगी पडतो पुणे-मुंबईच्या मुलांना, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

पाणंद

अगदी नेमका विषय. एक भर. काही स्वायत्त संस्था आणि विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांमध्ये जागा राज्य पातळीवरच्या असतात, तिथे हे ७०:३० लागत नाही. कुठल्या संस्थेत काय, हे त्या-त्या वर्षीच्या जागांच्या तक्त्यात असतं. गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

कटऑफची यादी वाचताना होणारी सगळ्यात मोठी चूक इथेच होते. यादीत प्रत्येक जागेला संकेत असतो. 'जी-ओपन-एच' म्हणजे सर्वसाधारण, खुला, होम युनिव्हर्सिटी. शेवटी 'ओ' असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रासाठी, 'एस' असेल तर राज्य पातळीवर. सुरुवातीला 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव. नागपूरची मुलगी पुण्याच्या महाविद्यालयाचा 'एच'चा आकडा बघते आणि एक तर उगाच आशेवर राहते, नाहीतर उगाच नाद सोडते. तिने बघायला हवेत 'ओ'चे आकडे, आणि मुलींच्या राखीव जागांचे वेगळे.

यादीत आणखी एक उपशीर्षक असतं: होम युनिव्हर्सिटीच्या जागा बाहेरच्या उमेदवारांना दिलेल्या. म्हणजे स्थानिक उमेदवार न मिळाल्याने मोकळ्या झालेल्या जागा. कमी मागणीच्या शाखांत अशा जागा निघतात. संगणक शाखेत त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

---

रानवाटा

आमच्या भागातून बरीच मुलं दहावीनंतर शिकवणीसाठी थेट राजस्थानातल्या कोटा शहरात जातात. त्यांची बारावी राजस्थानातली होते. त्यांना हे कसं लागू होतं?

---

निर्झर

@रानवाटा, हा प्रश्न दहावीच्या सुट्टीतच विचारायला हवा. तीन प्रवेश, तीन वेगळी उत्तरं.

वैद्यकीय: महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास दाखला तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेली हवी. सरकारी सेवेतल्या पालकांची बदली वगैरे ठरावीक अपवाद आहेत, बाकीच्यांना सूट नाही. बारावी राजस्थानातून केली की हा कोटा हातून जातो. उरतात अखिल भारतीय १५ टक्के जागा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी महाविद्यालयांच्या संस्थास्तरावरच्या जागा. शेवटच्या दोन्हींचं शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचं असतं. नीटला (वैद्यकीयच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला) चांगले गुण मिळवूनही घरच्या सरकारी महाविद्यालयात पाय ठेवता येत नाही, ते या एका कारणाने.

एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था): प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, आणि राज्य ठरतं बारावी जिथून केली त्यावर. अधिवास इथे विचारात घेत नाहीत. म्हणजे कोटा शहरातून बारावी केलेल्या मराठी मुलाला नागपूरच्या व्हीएनआयटीत बाहेरच्या राज्याचा उमेदवार धरतात आणि जयपूरच्या एमएनआयटीत घरचा. आयआयटींमध्ये राज्याचा कोटाच नाही, त्यामुळे तिथे काही फरक पडत नाही.

राज्याची अभियांत्रिकी: इथे मुलगा 'अ' प्रकारातून बाहेर पडतो. पण त्याचा किंवा आईवडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर 'ब' प्रकारात अर्ज करता येतो आणि राज्याच्या जागांवरचा हक्क टिकतो.

क्लास बाहेरचा हवाच असेल तर बारावीची नोंद महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात ठेवून अभ्यास तिकडे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. हजेरीची अट असते, प्रात्यक्षिकांचे गुण महाविद्यालय देतं. सीबीएसईने २०२४ मध्ये अशा 'डमी' प्रवेशांवरून दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता काढली. संलग्नता गेली की त्या शाळेच्या यादीतली मुलं टांगणीला लागतात.

---

कृष्णाकाठ

धन्यवाद @निर्झर. वैद्यकीयमध्येही ७०:३० होतं ना? विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असं?

---

निर्झर

होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं. आता राज्य कोट्याची एकच गुणवत्ता यादी लागते. मराठवाड्यातून ते रद्द करण्याची मागणी जोरात होती, कारण तिथे मुलं भरपूर गुण मिळवत होती आणि महाविद्यालयं कमी होती. लातूरचा मुलगा जास्त गुण असूनही बाहेर राहत होता. विदर्भाची तक्रार उलट दिशेची होती. तिथल्या सरकारी महाविद्यालयांतल्या जागा बाहेरची मुलं नेतील ही भीती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या भागात शिकवणीचं जाळं घट्ट, त्याला एकच यादी सोयीची. ज्या भागात ते नाही, त्याला प्रादेशिक वाटा सोयीचा.

---

माळरान

कोटा-लातूर या पुढच्या गोष्टी. निवड त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शाखा आहे का, असली तर गणित घेणारी तुकडी आहे का, हे कुणी विचारत नाही. गणिताला शिक्षक टिकत नाही, मुलं कमी येतात, तुकडी चालत नाही, मग सगळ्यांना जीवशास्त्राचा गट. अशा मुलाला बारावीनंतर अभियांत्रिकीचा विचार करताच येत नाही, कारण पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची सीईटी द्यायला लागणारे विषयच त्याच्याकडे नसतात. मग नीट, नाही जमलं तर बीएस्सी, फार्मसी किंवा कृषी. लोक म्हणतात, 'मुलाचा कल जीवशास्त्राकडे होता.' कल नव्हता, तुकडी नव्हती.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला लागू झाली. आधी ती मुंबई महानगर, पुणे-पिंपरी, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्याच भागांत होती. आता तालुक्यातल्या मुलालाही पोर्टलवर शेजारच्या तालुक्यातली महाविद्यालयं दिसतात. पण पसंतीक्रम भरण्याआधी दोन गोष्टी प्रत्यक्ष जाऊन विचारा: कुठल्या विषयांचे गट खरोखर शिकवले जातात, आणि गणित-भौतिकशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहेत का. शक्य असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. ओझं वाढतं हे खरं, पण दोन वर्षांनी दोन्ही गटांची सीईटी देता येते.

---

ओंजळ

मुलींचं गणित वेगळं आहे, ते या चर्चेत यायलाच हवं. मुलीच्या बाबतीत अंतर मोजलं जातं शेवटच्या एसटीवरून. प्रात्यक्षिक साडेपाचला संपतं आणि शेवटची गाडी सव्वापाचला असेल, तर ते महाविद्यालय तिच्यासाठी नाहीच, मग ते बारा किलोमीटरवर का असेना.

हे नुसतं निरीक्षण नाही. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला, त्यात दिसलं की प्रवासाची वाट सुरक्षित वाटावी म्हणून मुली त्यांना मिळू शकणारं चांगलं महाविद्यालय सोडून कमी दर्जाचं निवडतात. मुलगे अशी तडजोड फार कमी करतात. उलट बाजूचा पुरावा बिहारचा आहे. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक वर्गांत मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. वाढ मुख्यतः शाळा दूर असलेल्या गावांत होती. अंतर कमी केलं की 'मुलीला शिकवायचं नाही' म्हणणारी घरंही बदलतात.

आपल्याकडे ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. पुढे महाविद्यालयात सवलतीचा पास, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. नेमकी तिथेच, बारावीनंतर, गळती होते.

पालकांना एक माहिती आवर्जून द्या. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची: प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर एक रुपयाही माफ होत नाही. 'घराजवळचं कॉलेज आहे, मॅनेजमेंटमधून घेऊन टाकू' असं म्हणणारे पालक इथे चार वर्षांची माफी गमावतात.

---

पाणंद

+१. आणि शुल्क माफ म्हणजे शिक्षण फुकट, असं समजू नका. बाहेरगावी राहायचा खर्च शुल्काला मागे टाकतो. समजा खोली, मेस, प्रवास मिळून महिन्याला ८,००० रुपये धरले, तर वर्षाच्या १० महिन्यांचे ८०,००० आणि चार वर्षांचे ३,२०,०००. अनामत रक्कम, लॅपटॉप, परीक्षांची ये-जा वेगळी. याच आकड्यापाशी येऊन बरीच घरं 'गावातच बीए कर' म्हणतात.

यावर मदत आहे, पण ती वेगवेगळ्या खात्यांकडे विखुरलेली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम्, ओबीसी व भटक्यांसाठी आधार योजना. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. शहर लहान तशी रक्कम कमी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी या योजना आहेत, म्हणून वसतिगृहाचा अर्ज आधी करायचा. आणि विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

अर्ज अडतात ते बहुधा दोन कारणांनी: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा घरमालक भाडेकरार करून देत नाही. खोली ठरवतानाच करार मागून घ्या. पैसे वर्षाच्या शेवटी शेवटी येतात, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची सोय स्वतःची हवी. कर्ज काढायचं तर ४ लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, आणि कर्जाच्या रकमेत वसतिगृहाचा खर्चही धरता येतो. बँकेत अंदाजपत्रक देताना तो लिहायला विसरू नका.

---

चावडी

सगळं वाचलं. माहिती मोलाची आहे, पण एक सूर खटकतो. पुण्याला जाणं म्हणजे यश आणि घराजवळ राहणं म्हणजे तडजोड, असं का धरायचं? परभणी, अकोला, राहुरी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं मोठ्या शहरांच्या बाहेर आहेत आणि तिथल्या घटक महाविद्यालयांत शेतीशास्त्राचं शिक्षण कमी शुल्कात मिळतं. शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्यावर प्रवेशात जादा गुणांचा लाभही मिळतो. जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाता येतं. घरी राहून तीन वर्षं निघतात, आणि शहरात राहायची वर्षंही तीनच उरतात.

---

कृष्णाकाठ

@चावडी, हे म्हणणं पटतं. माझा आक्षेप जवळ राहण्याला नाहीच. दूरचं काय मिळू शकतं हे माहीत असताना जवळचं घेतलं तर ती निवड. माहीतच नसताना घेतलं तर तिला निवड म्हणवत नाही.

अमेरिकेत कॅरोलिन हॉक्सबी आणि क्रिस्टोफर एव्हरी यांनी हेच दाखवलं होतं: उत्तम गुण असलेली गरीब घरांतली बहुसंख्य मुलं नामांकित विद्यापीठांत अर्जच करत नाहीत, जिथे आर्थिक साहाय्यामुळे त्यांना उलट कमी खर्च आला असता. आणि अशी मुलं जास्त करून मोठ्या शहरांपासून दूर, विखुरलेल्या शाळांत असतात, जिथून आधी कुणी तिकडे गेलेलं नसतं. आपल्याकडे तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचं शुल्क गावाजवळच्या खासगीपेक्षा कमी, हेच कित्येक घरांत ठाऊक नसतं.

---

टाकसाळ

कागदपत्रांवर कुणी लिहिलं नाही, आणि गाव सगळ्यात जास्त आडवं येतं ते तिथे. जातीचा दाखला आत्ताच्या पत्त्यावरून मिळत नाही. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, कुटुंबाचं कायमचं वास्तव्य जिथे होतं, तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडून मिळतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. ठाण्यात जन्मलेल्या मुलीचे आजोबा १९६७ मध्ये पाथर्डीत राहत असतील, तर फाइल पाथर्डीला.

लागतं काय? आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांपैकी कुणाचा तरी शाळेचा निर्गम उतारा, गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद किंवा जुने महसुली कागद, आणि नातं जोडणारी वंशावळ. नावांतला फरक (आडनावाऐवजी जात लिहिलेली, 'भाऊ'चं 'भाऊसाहेब') इथेच छळतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं. मग पडताळणी जिल्हा समितीकडे, अनुसूचित जमातींची त्यांच्या स्वतंत्र समितीकडे. ही कामं अकरावीत काढा, बारावीचा निकाल लागल्यावर नको. उन्नत गटात मोडत नसल्याचा (नॉन-क्रीमी लेयर) दाखला प्रवेशाच्या वर्षाअखेर, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, वैध हवा. ईडब्ल्यूएसचा दरवर्षी नवा. जेईई (अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा) आणि नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढायचा. राज्याचा दाखवला तर तिथे खुल्यात गणतात.

---

रानवाटा

खूप उपयोग झाला. शेवटचा प्रश्न: होम युनिव्हर्सिटी गोंडवाना, मुलीला पुणे किंवा नागपूर हवं आहे, पण घरचे चंद्रपूरही चालेल म्हणतात. कॅपचा पसंतीक्रम कसा लावायचा?

---

पाणंद

इच्छेच्या क्रमाने. 'मिळेल का' या विचाराने क्रम बदलायचा नाही. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही, प्रत्येक पर्याय गुणवत्तेवरच तपासला जातो. धोका दुसरीकडे आहे: पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून घरच्यांच्या समाधानासाठी चंद्रपूर पहिल्या क्रमांकावर टाकू नका. ते खाली येऊ द्या. पुढच्या फेऱ्यांत किती पर्यायांपर्यंत जागा गोठते हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून बघून घ्या, नियम बदलतात.

यादी अशी करा. पुणे-नागपूरच्या संस्थांचे गेल्या दोन-तीन वर्षांचे 'ओ' आणि 'एस'चे आकडे, मुलींच्या राखीव जागांसह, एका कागदावर काढा. राज्य पातळीच्या जागा असलेल्या संस्था कुठल्या त्यावर खूण करा, तिथे ती सगळ्यांच्या बरोबरीने स्पर्धेत असेल. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शुल्कमाफीच्या ५ टक्के अतिरिक्त जागांसाठी त्याच शाखेचा वेगळा पर्याय क्रमांक भरा, कटऑफ बराच वर जातो पण भरायला काही लागत नाही. मग चंद्रपूर आणि गोंडवाना क्षेत्रातली बाकीची महाविद्यालयं, 'एच'च्या आकड्यांवरून. पर्याय भरपूर भरा. फॉर्म पक्का करण्याआधी प्रत छापून घरच्या सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा, संकेतांकातला एक आकडा चुकला तर शाखा बदलते.